आठ वर्षाच्या पोट्ट्याला रोज 5 किमी पळवा म्हणणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

राजेहो, आपल्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, की पोलीस भरती काढायची असेल तर पोट्ट्याले आठव्या वर्षापासूनच रोज पहाटे डांबरी रोडवर 5 किमी पळवा, नाहीतर मागे पडते. हे चूक आहे. जिल्हा पोलीस शिपायाच्या भरतीत पोरांना 1600 मीटर अन् पोरींना 800 मीटर धावा लागते, वयाची अट कमीत कमी 18 वर्षं, मग एवढी घाई कायची?

लेकराच्या हाडाच्या टोकाजवळ कुर्चेचा मऊ भाग असते, हाड तिथूनच लांब होते. पोरी साधारण 11-12 व्या, पोरं 13-14 व्या वर्षी झपाट्यानं वाढतात, अन् तेव्हाच रोज तेच ते पळणं झालं की मांडीचा स्नायू गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाला ओढत राहते. माझ्या भाच्याचं हेच झालं, 13 वर्षाचा, वाटीखाली बोराएवढं टेंगूळ, पायरी उतरताना भिंत धरे, जेवायला मांडी घालून बसता येईना. डॉक्टरनं पळणंच बंद केलं, तेव्हा हळूहळू उतरलं.

आठव्या वर्षी लंगडी, लगोरी, खो-खो खेळू द्या न बाप्पा, तोल अन् चपळाई त्यातूनच येते. मोबाईलवर टाइम लावून बाप ओरडते तेव्हा लेकरू पळते भीतीनं, मग दोन वर्षात मैदानाचं नावच काढत नाही, हे मी आपल्याच गावात पाहिलं. ठरवून सराव घ्यायचाच तर आठवड्यात वयाच्या आकड्याएवढे तास, त्याच्यावर नाही, अन् एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. गुडघा, टाच दुखते म्हणाला तर नाटक समजू नका.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला त्यांनी हा पण तिथंच टाका.