मशीनला कुलूप आणि गिझर मोकाट

घरात पेइंग गेस्ट ठेवणाऱ्यांची भांडणं बहुतेक वेळा चुकीच्या यंत्रावरून होतात, असं माझं मत झालंय. पोस्ट लांबणार आहे, ज्यांच्या घरात खोली भाड्याने दिलेली आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गोव्यात फोंड्याला, फार्मागुडीच्या बाजूला, ज्याच्याकडे एक खोली जास्तीची आहे त्याने ती बहुधा दिलेलीच असते. इंजिनिअरिंगच्या मुली, कुंडई-बेतोड्याच्या कारखान्यांत लागलेल्या सावंतवाडी-कुडाळकडच्या पोरी, एखादी नर्स. आमच्याकडेही आतली खोली दिलेली असते. स्वयंपाकघर एकच, म्हणून फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, इस्त्री सगळं सामाईक. आणि चार बायका जमल्या की पालुपद ठरलेलं: "दर दोन दिवसांनी मशीन लावते गो ती, बिल बघ माझं!" एका घरात तर मशीनच्या प्लगपॉइंटला पेटी बसवून कुलूप घातलेलं मी पाहिलंय. त्याच घरात गिझर सकाळी सहाला लागतो तो नऊ वाजता कुणाला आठवण झाली तर बंद होतो.

हिशेब करून बघा. साधं टॉप लोड मशीन थंड पाण्यावर एका धुण्याला साधारण पाव युनिट वीज खातं. 15 लिटरच्या गिझरमधलं पाणी 25 अंशांवरून 60 पर्यंत तापवायला मात्र 0.6 युनिट लागतं, म्हणजे दोन धुण्यांपेक्षा जास्त. हजार वॅटची इस्त्री अर्धा तास सलग तापली तर अर्धं युनिट. दारावर स्टारचं लेबल असलेला बरा फ्रिज वर्षाला अडीचशेच्या आसपास युनिट घेतो, म्हणजे दिवसाला पाऊण युनिटही नाही, आणि त्यात तुमच्या पेइंग गेस्टच्या दह्याच्या डब्याचा वाटा किती ते तुम्हीच सांगा. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर चार ते सहा युनिट सहज जातात. म्हणजे एसीची एक रात्र म्हणजे मशीनची निदान सोळा धुणी. तरी खोलीत एसी लावून देणारे लोक मशीनवर नजर ठेवून बसतात, कारण मशीन आवाज करतं. एसीचं बिल महिनाअखेरीस येतं, मशीन आत्ता कानाशी घरघरतं.

मशीनचा खरा खर्च विजेचा नाही, पाण्याचा आहे. टॉप लोडला एका धुण्यात शंभर लिटरच्या आसपास पाणी जातं. त्यामुळे आमच्याकडे नियम एवढाच की ड्रम अर्धा रिकामा असताना मशीन लावायचं नाही, आणि नळाला पाणी नसेल त्या दिवशी मशीन कुणाचंच नाही. माझंही नाही.

आता बिल वाटायचं कसं. गोव्यात घरगुती वीज टप्प्यांनी महागते: पहिली 100 युनिट सगळ्यांत स्वस्त, मग 200, 300, 400 पर्यंत दर चढत जातो आणि 400 च्या पुढे सर्वांत जास्त. इथेच बरेच घरमालक हुशारी करतात. समजा घरचे 180 युनिट वापरतात आणि पेइंग गेस्ट 70. एकूण 250. मालक म्हणतात, आम्ही एकटे असतो तर दुसऱ्या टप्प्यातच थांबलो असतो, तेव्हा वरची महागडी 50 युनिट तुझी. ऐकायला बरोबर वाटतं. पण तिनेही म्हणावं ना, माझं वेगळं मीटर असतं तर माझी 70 च्या 70 पहिल्या टप्प्यात बसली असती, मला सगळ्यांत स्वस्त दर लावा! दोघांचाही मुद्दा तेवढाच खरा आणि तेवढाच लबाड. कोण घरात आधी आलं यावरून दर ठरत नाही. युनिटांची जी एकूण रक्कम होते तिला एकूण युनिटांनी भागा, येईल तो सरासरी दर दोघांना. आणि स्थिर आकार मालकाने भरावा, कारण तो खोली रिकामी असली तरी आपण भरणारच होतो.

तिची युनिट मोजायची कशी, तर खोलीला सबमीटर. तो काही महाग नसतो आणि इलेक्ट्रिशियनचं थोडं काम. खोलीतला पंखा, दिवे, चार्जर, इस्त्री, एसी असेल तर एसी, सगळं त्यात मोजलं जातं. इस्त्री मुद्दाम खोलीतच करायला सांगावी. बाथरूम जोडलेली असेल तर गिझरही त्याच मीटरवर. उरलं काय, फ्रिज, मिक्सर आणि मशीन. त्यांचं मोजमाप करत बसू नये, भाड्यातच धरून टाकावं. मिक्सरवर किती वेळा खोबरं वाटलं याची वही ठेवणारी माणसं मला माहीत आहेत. अशा घरात राहायला मी स्वतः पैसे घेऊनही जाणार नाही.

वीज सोपी आहे, कारण ती मोजता येते. जागा आणि वेळ कठीण. फ्रिजमध्ये तिला एक पूर्ण कप्पा आणि दारातला एक खण, हे ताबा देतानाच दाखवून द्यावं. "ठेव गं कुठेही" म्हणणाऱ्या काकूंच्या घरी सर्वांत जास्त कुरबुरी होतात. आमच्याकडे सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, श्रावणात महिनाभर, आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तर फ्रिज धुऊन-पुसून नैवेद्याच्या सामानालाच. पण ती मुलगी मालवणकडची असेल तर तिचे बांगडे आणि अंडी कुठे जाणार? हे श्रावण लागल्यावर नाक मुरडून सांगायचं नसतं. डिपॉझिट घेताना सांगायचं, म्हणजे तिला पटलं तर ती राहील, नाहीतर दुसरी खोली बघेल. आणि चवथीला तिचा कप्पा रिकामा करून घेताना तेवढे दिवस तिच्या जेवणाचं आपल्याकडे बघावं. कप्प्याचे पैसे घेतलेत ना आपण.

पावसाळ्यात खरी कसोटी लागते. जून ते सप्टेंबर कपडे वाळतच नाहीत, सगळ्यांना स्पिनर हवा आणि सगळ्यांना रविवारीच हवा. लोक इथे "वार वाटून घेऊ" म्हणतात आणि सात वार सारखे वाटतात. मला ते न्याय्य वाटत नाही. कारखान्यात सहा दिवस जाणाऱ्या मुलीकडे रविवारच असतो. मी घरी असते, मला मंगळवारही चालतो. तेव्हा रविवार सकाळ तिची. ह्यावर माझ्या नणंदेचं म्हणणं, "मशीन कुणाच्या पैशांनी आलं?" आलं माझ्याच. पण दर महिन्याला भाडं घेताना आपण वापराचा हक्क विकतो, मग तो वापरला की उपकार केल्यासारखा चेहरा कशाला?

इन्व्हर्टरवर मात्र मी कडक आहे. नेहमीची 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवर बॅटरी कागदावर 1.8 युनिट देते, प्रत्यक्षात त्याहून कमी. त्यावर पंखे, दिवे, तिचा लॅपटॉप रात्र काढतात. इस्त्री किंवा गिझर नाही म्हणजे नाही, आमच्या घरातल्या पुरुषमंडळींसकट. आणि वीज गेली की फ्रिज कुणीही उघडू नये. दार बंद असेल तर आतलं चारेक तास तग धरतं.

शेवटचं, मोडतोड. जुनं झालेलं यंत्र बिघडलं तर दुरुस्ती मालकाची. दहा वर्षं चाललेल्या मिक्सरची मोटर नेमकी तिच्या हातात जळली म्हणून तिच्याकडून नवा मिक्सर वसूल करणं ही लूट आहे, यंत्राची झीज, म्हणजे घसारा, भाड्यात आलेला असतो. भांडं हातातून पडून फुटलं तर भांड्याचे पैसे तिचे, एवढं कुठलीही शहाणी मुलगी स्वतःहून देते. खोली देताना फ्रिज, मशीन, गिझर यांचे फोटो दोघींच्या मोबाईलवर असावेत, आधीचे ओरखडे दिसतील असे. पोलिसांत भाडेकरूची माहिती द्यायला कागद करतोच आपण, त्याच दिवशी हेही एका पानावर लिहून दोघींच्या सह्या घ्याव्यात.

डिचोली-म्हापशाकडे दोन-तीन मुली एका खोलीत असतात तिथे गिझरचं कसं वाटता? आमच्याकडे एका वेळी एकच असते, त्यामुळे तो पेच मला पडलेला नाही. ज्यांना पडलाय त्यांनी लिहा.