वगळावे कोणास आणि कसे

रविवारी सकाळी राजेंद्रनगरातल्या नेहमीच्या टपरीवर कागदाच्या तुकड्यावर पोहे हातात आले, वर शेव पडली, जीरावन भुरभुरले गेले, की पहिल्या घासाबरोबरच इंदूरचा मराठी माणूस भारताचा कसोटी संघ निवडू लागतो. आपणही तो निवडत असालच. मात्र आपण निवडलेल्या संघाला खेळायला कोणी बोलावत नाही आणि याला जबाबदार आपणच आहात, कारण आपण आकडे पाहून संघ निवडता. ज्याने धावा काढल्या त्याला घ्यावे आणि ज्याने बळी मिळवले त्याला ठेवावे, ही पोह्यांच्या कढईभोवतीची समजूत आहे. निवड समितीच्या खुर्चीत बसायचे असेल, तर ती हात धुताना तिथेच सोडून यावी.

खुर्चीसाठी लागणारी लेखी पात्रता फार अवघड नाही. सात कसोटी सामने खेळलेले असावेत, नसल्यास 30 प्रथम श्रेणी सामने, तेही नसल्यास एकदिवसीय सामन्यांची एक वेगळी वाट आहे. शिवाय निवृत्तीला पाच वर्षे लोटलेली असावीत. अलिखित पात्रता मात्र एकच आहे. निर्णय आधी घेता यावा आणि कारण नंतर सुचावे. एकच वय मंगळवारी ‘अनुभव’ असते आणि गुरुवारी ‘वय’ असते, हे ज्याला सहज पटते, त्याचे पुढचे शिक्षण फारसे कठीण जात नाही.

सराव घरापासून करावा. आपल्याच इंदूरचा जलज सक्सेना घ्या, म्हणजे संघात नव्हे, उदाहरणादाखल. रणजी करंडकात सहा हजार धावा आणि चारशे बळी असा दुहेरी पराक्रम करणारा तो पहिला खेळाडू. आधी मध्य प्रदेश, मग केरळ, मग महाराष्ट्र अशी तीन राज्ये त्याने पालथी घातली, परंतु भारताच्या ड्रेसिंग रूमचा दरवाजा यांपैकी कुठल्याही राज्यात नसल्यामुळे तो त्याला सापडला नाही. याबद्दल आपल्याला कोणी हटकले, तर शांतपणे सांगावे, की फलंदाज म्हणून पाहावे तर तो गोलंदाज आहे आणि गोलंदाज म्हणून पाहावे तर फलंदाज आहे. विचारणारा याचा अर्थ लावत बसतो, तेवढ्यात आपण गाडीत बसावे.

कारणांमध्ये सर्वांत विश्वासू कारण म्हणजे खेळपट्टी, कारण तिला पत्रकार परिषद घेता येत नाही. डिसेंबर 2022 मध्ये बांगलादेशातल्या चट्टोग्राम कसोटीत फिरकीपटू कुलदीप यादवने आठ बळी घेतले, वर 40 धावा केल्या आणि सामनावीराचा पुरस्कार घेतला. इतका मोठा गुन्हा केल्यावर पुढच्या मीरपूर कसोटीत त्याला बाहेर बसवणे ओघानेच आले. त्याच्या जागी वेगवान गोलंदाज जयदेव उनाडकट आला, ज्याची पहिली आणि तोवरची एकमेव कसोटी डिसेंबर 2010 मध्ये सेंच्युरियनला झाली होती. बारा वर्षे वाट पाहणाऱ्या माणसाला न्याय मिळाला याचा आनंद मानावा आणि चार दिवसांपूर्वी सामना जिंकून देणाऱ्याचे काय, असा कोत्या मनाचा प्रश्न विचारू नये. खेळपट्टीवर गवत होते.

जून 2023 मध्ये लंडनच्या ओव्हलवरही गवत होते आणि वर ढगही होते. कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना, प्रतिस्पर्धी ऑस्ट्रेलिया, आणि कसोटी गोलंदाजांच्या क्रमवारीत त्या दिवशी पहिल्या क्रमांकावर असलेला फिरकीपटू रविचंद्रन अश्विन अकरा जणांत नाही. पुढे ढग पांगले, ऊन पडले, ट्रॅव्हिस हेडने 163 धावा ठोकल्या आणि भारत 209 धावांनी हरला. यात चूक ढगांची होती. सकाळचे आकाश पाहून पाच दिवसांचा संघ ठरवणे ही चूक असती, तर आपल्या आज्या अंगणात पापड वाळत घालून दिवसभर आकाशाकडे डोळे लावून कशाला बसल्या असत्या? हो, त्या संध्याकाळपर्यंत राखण करीत, हे खरे. पण आज्या कधीच निवड समितीवर नव्हत्या.

इथे एक बारकावा लक्षात ठेवावा, कारण त्यावर आपली सगळी कारकीर्द उभी राहील. निवड समिती दौऱ्याचा चमू निवडते आणि मैदानात उतरणारे अकरा जण बहुधा कर्णधार व प्रशिक्षक ठरवतात. त्यामुळे वगळलेल्या खेळाडूचे काका आपल्याला भेटले, तर आम्ही त्याला चमूत घेतलेच होते, असे म्हणता येते. आणि तेच काका प्रशिक्षकाला भेटले, तर समितीने संघाचा समतोलच असा दिला, असे त्यांना ऐकायला मिळते. 2025 मध्ये इंग्लंडच्या पाचही कसोटी कुलदीपने सीमारेषेबाहेरून पाहिल्या, त्याही अशाच कोणाच्याही दोषाशिवाय.

शतके ठोकून संघात राहता येते, हा भ्रम नव्या मुलांच्या डोक्यातून काढणे हेही आपलेच कर्तव्य आहे. करुण नायरने डिसेंबर 2016 मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद 303 धावा केल्या आणि भारताच्या पुढच्याच कसोटीत तो राखीव होता, कारण दुखापतीतून सावरलेला रहाणे परत आला होता. त्यानंतर तीन कसोटी त्याला मिळाल्या. 2018 च्या इंग्लंड दौऱ्यात तो सुरुवातीपासून चमूत होता, पण ओव्हलच्या अखेरच्या कसोटीत जागा रिकामी झाली तेव्हा मालिका निम्मी झाल्यावर भारतातून आलेल्या हनुमा विहारीला कसोटी पदार्पणाची टोपी मिळाली. पंगतीत पहिल्यापासून बसलेल्याच्या पानावर मीठ-लिंबू वाढून ठेवायचे आणि जिलबी उशिरा आलेल्या पाहुण्याला द्यायची, असा हा प्रकार. 2025 मध्ये करुणला पुन्हा बोलावले, चार कसोटी दिल्या आणि पुन्हा निरोप दिला. या बाबतीत आपण एकटे आहोत, असे समजून संकोचू नये. वेस्ट इंडीजच्या अँडी गँटॉमने 1948 मध्ये आपल्या एकमेव कसोटी डावात 112 धावा केल्या आणि तेवढ्यावरच त्याची सरासरी कायमची गोठली. ऑस्ट्रेलियाच्या जेसन गिलेस्पीने 2006 मध्ये ‘रात्रीचा रखवालदार’ म्हणून, म्हणजे दिवसअखेर मुख्य फलंदाजाला वाचवण्यासाठी आधी पाठवलेला गोलंदाज म्हणून जाऊन नाबाद 201 धावा काढल्या आणि तो पुन्हा कसोटी खेळला नाही. रखवालदारानेच वाड्याचा ताबा घेतला, तर मालक त्याला ठेवील कसा? इंग्लंडने 1989 च्या ॲशेसमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेत, सहा कसोटींत 29 खेळाडू वापरले. तो संघ नव्हता, लग्नाचे वऱ्हाड होते.

परंपरेचा आधार हवा असेल, तर 1936 चा इंग्लंड दौरा अभ्यासावा. कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार, तीन कसोटींत मिळून धावा 33, आणि त्याच दौऱ्यात ‘सर’ ही पदवी. लाला अमरनाथांना पहिल्या कसोटीपूर्वीच परत पाठवण्यात आले. आमच्या होळकर संघाचे सी. के. नायडू, जे भारताचे पहिले कसोटी कर्णधार, ते या कर्णधाराच्या हाताखाली खेळत होते. आणि सकाळी न्याहारीच्या टेबलावर नायडूंचा अपमान केल्याबद्दल बाका जिलानी यांना ओव्हलच्या कसोटीत जागा मिळाली, असे आजवर सांगितले जाते. न्याहारी आणि निवड यांचे नाते इंदूरच्या टपऱ्यांनी जोडलेले नाही, एवढेच मला यातून सिद्ध करायचे आहे. त्याच दौऱ्यात मँचेस्टरला इंदूरच्याच मुश्ताक अलींनी 112 धावा काढल्या, परदेशात भारतीयाने केलेले ते पहिले कसोटी शतक. पुढे 1945 मध्ये ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्धच्या कलकत्त्याच्या सामन्यातून त्यांना वगळले, तेव्हा लोकांनी निवडकर्ते दुलीपसिंहजींना घेरले, ‘नो मुश्ताक, नो टेस्ट’ अशा घोषणा दिल्या आणि मुश्ताक खेळले. यावरून बोध घ्यावा आणि निवडीची बैठक लोकांचा हात पोहोचेल अशा जागी घेऊ नये.

मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांच्यापाशी मात्र माझा उपरोध जरा अडखळतो. 589 प्रथम श्रेणी बळी आणि एकही कसोटी नाही. पण त्यांच्याच काळात, त्याच डाव्या हाताने बिशनसिंग बेदी गोलंदाजी करीत होते, आणि तिथे मलाही कोणाला वगळावे हे सांगता आले नसते. कधीकधी समिती बरोबरही असते. जानेवारी 1988 मध्ये इंदूरच्या नरेंद्र हिरवाणी या 19 वर्षांच्या मुलाला तिने मद्रासला उतरवले आणि त्याने वेस्ट इंडीजचे 136 धावांत 16 बळी घेतले. पुढे ते स्वतःच राष्ट्रीय निवड समितीवर बसले. अशी उदाहरणे नवशिक्यांना दाखवू नयेत.

हे सर्व मी अधिकाराने लिहितो आहे, कारण यंदा आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवातील टेनिस बॉलच्या सामन्यांसाठी निवडकर्ता मीच आहे. दहा नावे पोह्यांच्या कागदावर लिहून झाली होती, त्यांत कर्णधार म्हणून माझे होते, आणि अकराव्या जागी पत्नीच्या भाच्याचे नाव लिहीत असतानाच त्यावर जिलबीचा पाक सांडला. समोर गेल्या वर्षी सर्वाधिक धावा काढलेला मुलगा उभा होता. मी त्याला म्हणालो, की तुझे नाव आमच्या चर्चेत आहे. त्याने माझ्याही पोह्यांचे पैसे दिले आणि विचारले, “काका, चर्चा कधी संपेल?”

खेळपट्टी पाहून सांगतो, असे मी त्याला सांगितले. सामने कॉलनीच्या सिमेंटच्या रस्त्यावर आहेत.