तोंड सम्राटाचं, नाणं शहराचं

‘रोमनं ग्रीक शहरं जिंकली, त्यांच्या टांकसाळी बंद पाडल्या आणि रोममध्ये ठरलेली, सम्राटाच्या तोंडाची नाणी त्यांच्या माथी मारली,’ असा मजकूर सगळीकडे फिरतोय. चांदीपुरतं त्यात थोडं तथ्य आहे, तिच्यावर रोमचं लक्ष असे. काशाच्या नाण्यांबाबत मात्र तो साफ चुकीचा आहे.

टांकसाळी बंद पाडल्या? रोमन अमलात पूर्वेकडच्या ५०० हून जास्त शहरांनी कधी ना कधी स्वतःची काशाची नाणी पाडली. बाजारातली चिल्लर तीच. खिओस बेटानं तर नाण्यांवर ‘ओबोल’, ‘तीन अस्सारिया’ अशी किंमतही लिहिली.

सम्राटाचं तोंड सक्तीचं? मग अथेन्सच्या नाण्यांवर ते एकदाही का दिसत नाही? तिथे शहराची देवी अथेनाच राहिली. इतरांनी तोंड घातलं, पण आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) इफेसस शहराच्या नाण्यावर ‘एफेसिओन’ असं लिहिलेलं असतं. ही षष्ठी आहे: ‘इफेससकरांचं’. नाणं कुणाचं, याचं उत्तर त्या एका शब्दात आहे.

चित्रं रोमनं ठरवली? आशिया मायनरच्याच फ्रिजिया भागातल्या अपामेया शहराचं, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळातलं (इ.स. २०० च्या आसपासचं) नाणं पाहा. लाटांवर एक पेटी तरंगतेय, आत नवरा-बायको. उघड्या झाकणावर एक पक्षी बसलाय, दुसरा फांदी घेऊन उडत येतोय. शेजारी तेच जोडपं जमिनीवर उतरून हात उंचावून उभं आहे. पेटीवर ग्रीक लिपीतली तीन अक्षरं: ‘नोए’. हा बायबलमधला, महापुरातून तारवात बसून वाचलेला नोहा! शहराचं टोपणनाव ‘किबोतोस’, म्हणजे पेटी, आणि तिथली ज्यू वस्ती जुनी. असं चित्र त्या गावालाच सुचू शकतं. मला तर या सगळ्या नाण्यांत हेच सर्वांत जिवंत वाटतं.

‘वेगवेगळ्या शहरांच्या नाण्यांवर हुबेहूब तोच चेहरा असतो, म्हणजे ती रोमहूनच आली’ हाही तर्क टिकत नाही. नाण्यांचे जर्मन अभ्यासक कोनराड क्राफ्ट यांच्या १९७२ मध्ये निघालेल्या पुस्तकानं दाखवून दिलं की आशिया मायनरमधली आसपासची शहरं सम्राटाच्या बाजूचा एकच ठसा (नाण्यावर चित्र उठवणारा साचा) वापरत. ठसे कोरणारे कारखाने सामायिक होते, आणि तेही त्याच मुलखातले.

ही नाणी थांबायलाही बंदीहुकूम लागला नाही. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात रोमच्या चांदीच्या नाण्यात चांदी नावापुरती उरली, भाव चढले आणि काशाची चिल्लर पाडणं परवडेना. एकेक शहर थांबत गेलं. आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पांफिलियातलं पेर्गे शहर सगळ्यांत शेवटी, २७५-७६ मध्ये, सम्राट टॅसिटसच्या वेळी.