समुद्राचं पाणी गोडं करण्याबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, दांडिया बाजारपासून मांजलपूरपर्यंत सगळ्यांकडे पोचलाय. म्हणे आरओने समुद्राचं पाणी गोडं करायला हजार लिटरला १५ युनिट वीज जाते, त्यापेक्षा काचेखाली उन्हात तापवा, फुकटात होतं, आणि लक्षद्वीपला बिनविजेचा प्लांट आहे तर खंभातच्या आखातावर का नाही. लोक हे खरं धरून वाद घालतायत म्हणून लिहितेय.

१५ युनिट हा १९७०च्या दशकातल्या प्लांटांच्या आसपासचा आकडा आहे, आज चांगला प्लांट ३ ते ४ युनिटांत काम करतो. कारण सांगते. मेम्ब्रेनमधून, म्हणजे आरओमधल्या मीठ अडवणाऱ्या बारीक पडद्यातून, पाणी पार करायला ६० बारच्या आसपास (हवेच्या दाबाच्या साठेक पट) दाब लागतो आणि निम्म्याहून जास्त पाणी आणखी खारं होऊन बाहेर पडतं, पण जवळपास तेवढ्याच दाबाने. पूर्वी तो दाब बराचसा वाया जायचा. आता तिथे प्रेशर एक्स्चेंजर बसवतात, आत सिरॅमिकचा फिरता रोटर, त्याला लांब आरपार भोकं, बाहेर निघालेलं खारं पाणी त्या भोकांमधून ताज्या पाण्याला सरळ पुढे रेटतं आणि दाबातली ९५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा परत मिळते.

आता उन्हाचा हिशेब नीट बघा, कारण खरी फसगत इथेच होते. एक लिटर पाण्याची वाफ करायला ०.६ युनिटच्या वर उष्णता लागते, म्हणून काचेच्या पेटीतून चौरस मीटरला दिवसाला ३-४ लिटर निघतात, फार तर ५. त्याच जागेवर सोलर पॅनल लावा, दिवसाला १ युनिटच्या आसपास वीज मिळेल आणि तेवढ्यात आरओ अडीचशे लिटर देईल. ऊन तेच, जागा तीच! चेन्नईजवळचा मिंजूरचा प्लांट दिवसाला १० कोटी लिटरचा आहे, तेवढं पाणी पेट्यांनी काढायचं तर २५ चौरस किलोमीटर काच लागेल. वीज न पोचलेल्या वाडीसाठी पेटी चांगलीच आहे, शहरासाठी नाही.

लक्षद्वीपचा तो प्लांट म्हणजे कवरत्ती बेटावरचा, २००५ पासूनचा, दिवसाला १ लाख लिटरचा, पण बिनविजेचा अजिबात नाही. समुद्राचं वरचं कोमट पाणी व्हॅक्यूममध्ये सोडतात, त्यातल्या थोड्याची वाफ होते आणि ती साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढलेल्या गार पाण्याने थंड करतात, पंप आणि व्हॅक्यूम दोन्ही विजेवरच. तिथे बेटाजवळच समुद्र तेवढा खोल आहे, आपलं आखात उथळ आणि गाळाचं, इथे गार पाणी आणणार कुठून?

ज्याची काळजी करायला हवी ते त्या मेसेजमध्ये नाहीच. प्लांटमधून परत सोडलेलं पाणी जवळपास दुप्पट खारं असतं, एकाच जागी ओतलं तर जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि तिथल्या जिवांना त्रास होतो, म्हणून पाइप आत लांबवर नेऊन बऱ्याच तोंडांमधून जोरात सोडून समुद्रात मिसळवावं लागतं. जंबुसर-दहेजकडे प्लांटचा विषय निघाला की आधी हे विचारा, पाइप कुठपर्यंत नेणार आणि तिथलं पाणी कोण तपासत राहणार.