पाइपात जाळ केला म्हणजे रॅमजेट होत नाही

‘घरच्या घरी रॅमजेट बनवा’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. रॅमजेट म्हणजे एक प्रकारचं जेट इंजिन. मी दुर्लक्ष करत होतो. पण परवा अकरावीतल्या भाच्याने तोच मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, सुट्टीत करू या.’ म्हणून हे लिहायला बसलो.

दावा थोडक्यात असा: जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, स्वयंपाकाचा गॅस आणि पालापाचोळा उडवायचा ब्लोअर, एवढ्यावर रॅमजेट तयार होतं. फिरता भाग एकही नसल्याने कुणालाही जमतं. सायकलला लावलं की सायकल सुसाट पळते. जोर कमी पडला तर सिलिंडरचा रेग्युलेटर काढा. आणि हे तंत्र म्हणे कंपन्यांनी दडपून ठेवलंय.

फिरता भाग नसतो, हे खरं. तेवढं मान्य. पण कॉम्प्रेसर नाही म्हणून हवा दाबायचं काम टळत नाही. ते काम इथे इंजिनाचा स्वतःचा वेग करतो. आवाजाच्या तिप्पट वेगाला समोरून घुसणाऱ्या हवेचा दाब आदर्श गणितात 36 पटींवर जातो. आता सायकलचं बघा. ताशी 30 किलोमीटरला हा दाब वाढतो वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम 0.04 टक्के. एवढ्यावर कसली सायकल पळणार?

जागेवर उभं असताना रॅमजेट थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, देत नाही, हे नासाच्या ग्लेन संशोधन केंद्राने विद्यार्थ्यांसाठी केलेल्या पानावर स्वच्छ लिहिलंय. म्हणून तर फ्रान्समध्ये रने लदुक यांचं रॅमजेट विमान दुसऱ्या मोठ्या विमानाच्या पाठीवर बसवून वर न्यावं लागलं. 1949 साली ते हवेतच सुटलं आणि मग स्वतःच्या इंजिनावर उडालं. ब्रह्मोसलासुद्धा आधी घन इंधनाचा बूस्टर वेग देतो, त्यानंतर रॅमजेट काम सुरू करतं.

‘पण ब्लोअर आहे ना!’ असं भाच्याचं म्हणणं. धरून चालू की ब्लोअरची हवा ताशी 300 किलोमीटरने येते. तरी दाब चारेक टक्केच वाढतो, आणि कुठेही काही वाया गेलं नाही असं मानलं तरी इंधनाच्या उष्णतेतला एखादा टक्का कामी येतो. प्रत्यक्षात घर्षण तोही खाऊन टाकतं. मेसेजसोबतच्या व्हिडिओत ओढ मोजणाऱ्या ताणकाट्याचा काटा हलतो खरा, पण पाइप ज्या गाड्यावर आहे, ब्लोअरही त्याच गाड्यावर बांधलेला आहे. गॅस बंद ठेवून नुसता ब्लोअर चालवला तरी काटा हलेल. ही लोहाराची भट्टी आहे आणि ब्लोअर तिचा भाता.

इथवरचं नुसतं अज्ञान म्हणून सोडून दिलं असतं. पाइप आणि रेग्युलेटरबद्दलचा सल्ला मात्र जीवघेणा आहे. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं आणि 907 अंशांना उकळतं. गॅसची ज्योत त्याच्या कितीतरी वर जाते. मग पाइपातून पांढरा धूर निघतो, तो झिंक ऑक्साइडचा. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्यांना हा त्रास चांगला माहीत असतो. पोलादही 600 अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावतं, म्हणजे लालबुंद झालेला पाइप दिसतो तेवढा मजबूत नसतो.

आणि रेग्युलेटर काढायचा? सिलिंडरमधला दाब शेगडीला लागणाऱ्या दाबाच्या कितीतरी पट असतो. तो थेट नळीत सोडला आणि मध्येच ज्योत विझली, तर गॅस येतच राहतो. हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. मग पुन्हा पेटवायला कुणीतरी वाकून लायटर ओढतं. हे लिहिणाऱ्याने एकदा तरी विचार केला होता का, की वाचणारी पोरं सोळा-सतरा वर्षांची आहेत?

कंपन्यांच्या दडपशाहीबद्दल फार बोलत नाही. फ्रेंच अभियंता रने लोरँ यांनी रॅमजेटची कल्पना 1913 सालीच छापून जाहीर केली होती.

राहता राहिला तो ‘रॅमजेट’चा दुसरा, कानठळ्या बसवणारा व्हिडिओ. थडथड आवाज, धक्क्याधक्क्याने जळणारं इंधन: ते पल्सजेट आहे, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या व्ही-1 या उडत्या बॉम्बला होतं त्या जातीचं. ते जागेवर चालतं, म्हणूनच ते रॅमजेट नाही.