फरदड

२०१७ च्या डिसेंबरात मी दोन वर्षांनी घरी गेले होते. पांढरकवड्याच्या पुढे आमचं गाव. पोचले त्याच संध्याकाळी बाबांसोबत वावरात गेले. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, छातीएवढी वाढलेली, लांबून पाहिली तर दृष्ट लागावी अशी हिरवी. बाबांनी एक बोंड तोडलं, अंगठ्यानं दाबून फोडलं आणि तळहातावर माझ्यापुढे धरलं. चार कप्प्यांतला एकच पांढरा होता. बाकीचे पिवळट, चिकट, सरकी आतून पोखरलेली, आणि तिच्यात तांदळाएवढी गुलाबी अळी. उजेड लागताच वळवळली. बाबांनी दुसरं बोंड फोडलं, मग तिसरं. बोलले काहीच नाहीत.

मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलेली. म्हटलं, "बाबा, उपटून टाका आता. राहिलेलं पाणी गव्हाला तरी द्या."

"पाहू ना बाई," ते म्हणाले, "एक पाणी देलं तं अजून एक वेचा निंघन."

ज्यांचा कापसाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. वेचण्या संपल्यावरही पऱ्हाटी न उपटता, पाणी देऊन, तिच्यावर पुन्हा बोंडं धरवायची याला फरदड म्हणतात. पूर्वी त्यातून दोन पैसे सुटायचे. पण गुलाबी बोंडअळी हिवाळाभर याच उरलेल्या बोंडांत तग धरते आणि पुढच्या हंगामात नव्या पिकावर उतरते. म्हणून कृषी विभाग दरवर्षी सांगतो की फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर शेत रिकामं करा. बाबांनी त्या साली फरदड घेतली. तीन क्विंटल कवडी, म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस, निघाली, व्यापाऱ्यानं निम्म्या भावात नेली. वेचाईचे पैसेही सुटले नाहीत. पुढच्या पोळ्याच्या सुमाराला शेतात पुन्हा डोमकळ्या, म्हणजे अळी आत शिरल्यानं न उमलता मिटलेली फुलं, दिसल्या.

तेव्हा मला बाबांचा राग आला होता. आज येत नाही. बियाणं, खत, फवारणी, निंदण, सगळं त्या पऱ्हाटीत घातलेलं. ती उपटायची म्हणजे हे सगळं बुडालं असं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. उभी आहे तोवर ते म्हणावं लागत नाही. शिवाय कोरडवाहू माणसाला उपटून लावायचं काय, हाही प्रश्न असतोच. आमच्या विहिरीला तेव्हा थोडं पाणी होतं, शेजारच्यांच्या विहिरीला तेवढंही नव्हतं.

मी ॲरिझोनात राहते, मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. इथेही कापूस होतो, ओलिताचा, शेकडो एकरांचे पट्टे. इथेही गुलाबी बोंडअळी होती. १९१७ मध्ये ती टेक्सासात पहिल्यांदा सापडली आणि पुढे ॲरिझोना-कॅलिफोर्नियापर्यंत पसरली. २०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या कृषी खात्यानं जाहीर केलं की देशाच्या मुख्य भूमीवरून ती संपली. बीटी बियाणं, पतंगांना मादीच्या वासानं ओढणारे कामगंध सापळे, विमानातून सोडलेले वांझ पतंग, हे सगळं त्यामागे होतंच. पण मला सगळ्यात जास्त भिडली ती एक साधी गोष्ट. इथे ठरलेल्या तारखेच्या आत पऱ्हाटीचा चुरा करून ती जमिनीत गाडणं बंधनकारक केलेलं आहे. पीक चांगलं असो की वाईट, त्या दिवशी हंगाम संपतो. उपटावं की ठेवावं हा प्रश्न घेऊन कुणाला रात्र काढावी लागत नाही.

आपल्याकडे कापसाची सुरुवात करायची रीत आहे. पहिल्या वेचणीआधी सीतादही होते, पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. लहानपणी तो नैवेद्य झाडाशी ठेवायचा मान माझा असायचा. शेवटाची मात्र कुठली रीत नाही. पीक गेलं हे कुणी, कधी, कसं म्हणायचं, ते ठरलेलंच नाही.

कर्जाचंही तसंच. मार्च आला की आमच्याकडे नवंजुनं सुरू होतं. सावकाराकडून दोन-चार दिवसांसाठी पैसे आणायचे, जुनं पीककर्ज भरल्याचं दाखवायचं, लगेच नवं उचलायचं, त्यातून सावकाराला व्याजासह परत करायचं. कागदावर शेतकरी नियमित, आणि घरात कर्ज दरवर्षी थोडं जाड. ही पैशांची फरदडच आहे.

१९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको-मुलांसह आयुष्य संपवलं. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून दरवर्षी त्या दिवशी अनेकजण अन्नत्याग करतात. मीही करते, इथल्या घरी. त्याच १९८६ मध्ये अमेरिकेत शेतीचं मोठं संकट चालू होतं. जमिनींचे भाव कोसळले होते, शेतांचे लिलाव होत होते, तिथलेही शेतकरी जीव देत होते. त्या वर्षी इथल्या दिवाळखोरीच्या कायद्यात खास शेतकरी कुटुंबांसाठी बारावं प्रकरण घातलं गेलं. शेतकरी स्वतः न्यायालयात जाऊन सांगू शकतो की माझ्याच्यानं हे फिटत नाही. वसुली तिथे थांबते. तीन ते पाच वर्षांचा परतफेडीचा आराखडा मंजूर होतो, शेती चालू ठेवता येते, आणि आराखडा पुरा झाल्यावर विनातारण कर्जातलं उरलेलं बहुतेक मिटतं.

आमच्या प्रयोगशाळेत माती घेऊन येणारा साठीचा एक शेतकरी यातून गेलेला आहे. त्यानं मला हे सहज सांगितलं, एखाद्यानं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं सांगावं तसं. निम्मी जमीन विकली, पाच वर्षं फेडत राहिला, संपलं. आता उरलेल्या जमिनीत अल्फाल्फा, जनावरांचा चारा, लावतो. मी त्याच्याकडे बघत राहिले. आमच्या गावात कुणी असं उभ्यानं सांगितल्याचं मला आठवत नाही.

आपल्याकडेही २०१६ ची नादारी आणि दिवाळखोरी संहिता आहे. अगदी छोट्या कर्जदाराला नव्यानं सुरुवात करू देणारं प्रकरण तिच्यात लिहिलेलं आहे, पण ते अजून लागू केलेलं नाही. कंपन्यांसाठीचा भाग मात्र जोरात चालू आहे.

गावाकडच्या चर्चा मी रोज ऐकते. २०२५ च्या ऑक्टोबरात बच्चू कडूंच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी कर्जमाफीसाठी नागपूरजवळ महामार्ग अडवला, सरकारनं ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं सांगितलं. मी कर्जमाफीच्या विरोधात नाही. बाबांचं कर्ज २०१९ च्या योजनेत माफ झालं आणि त्या रात्री ते कित्येक महिन्यांनी सलग झोपले, असं आई सांगते. माझं म्हणणं इतकंच की ती तारीख सरकारच्या हातात असते. ती कधी येईल, येईल की नाही, कुणाला बसेल, काही ठरलेलं नसतं. तोवर माणूस लटकलेला. मला हवी आहे ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातातली तारीख. त्यानं उठून जावं, हरलो म्हणावं, आणि त्या म्हणण्याला कायद्यात किंमत असावी. आज आपल्याकडे नुकसानीचा हिशेब त्यानं जीव दिल्यावर होतो. मग तहसीलमध्ये त्याचं प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरतं, पात्र ठरलं तर घरच्यांना एक लाख. आमच्या गावातल्या एका काकूंचा अर्ज अपात्र ठरला, कारण जमीन सासऱ्यांच्या नावावर होती.

चर्चेची दुसरी बाजू हिमतीची. शाळेच्या भिंतीवर, व्हॉट्सॲपवर, एमपीएससीच्या क्लासमध्ये एकच वाक्य: अपयश ही यशाची पहिली पायरी. मला हे वाक्य क्रूर वाटतं. माझा भाऊ सहा वर्षं पुण्यात अभ्यास करत होता. दर निकालानंतर कुणीतरी त्याला हेच ऐकवायचं आणि तो पुन्हा खोलीचं भाडं भरायचा. अपयश नुसतं अपयश असू शकतं, त्याच्या पुढे कुठलीच पायरी नसते, तिथून खाली उतरून दुसरीकडे जावं लागतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

मी सांगणार तरी कशी? मी इथे पीएचडीला आले होते. तीन वर्षं प्रयोग जुळला नाही. २०१८ च्या शेवटी माझ्या मार्गदर्शक बाईंनी बसवून सांगितलं की तुला इथे थांबता येईल, झालेल्या कामावर मास्टर्सची पदवी घे आणि बाहेर पड. विद्यापीठात तशी सोय होती, फॉर्म होता, शेवटची तारीख होती. मी फॉर्म भरला. आणि घरी दीड वर्ष सांगत राहिले की शिक्षण चालू आहे. आई देवापुढे माझ्या पदवीसाठी दिवा लावत होती आणि मी फोनवर हो हो म्हणत होते. इथल्या विद्यापीठानं मला हरायला जागा दिली, पण गावाला ते सांगायची हिंमत काही दिली नाही.

म्हणून इथलं सगळं बरं, असं मी लिहिणार नाही. त्या साठीच्या शेतकऱ्याला मी विचारलं होतं, तेव्हा कोण आलं होतं सोबतीला? तो म्हणाला, वकील. बाबांचं पीक गेलं तेव्हा आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी आठ-दहा माणसं बसायची. चहा व्हायचा, पावसाच्या, भावाच्या गोष्टी व्हायच्या. त्या बसण्यानं बाबा तगले असं मला मनापासून वाटतं. पण त्या आठ-दहा जणांपैकी एकानंही "उपटा आता" असं म्हटलं नाही. प्रत्येकाच्या वावरात तेव्हा फरदड उभी होती.

शेवटी मी बाबांना पीएचडीचं सांगितलं ते २०२० च्या उन्हाळ्यात, फोनवर. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं लाईन तुटली. मग म्हणाले, "मंग आता काय करतं?" मी नोकरीचं सांगितलं. "माती तपासतं? बरं हाय." एवढंच. पुढे आईनं सांगितलं की ते त्या दिवशी जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसलेल्यांना त्यांनी स्वतःहून सांगितलं, पोरीचं ते शिकणं नाही जमलं, ती आता नोकरी करते.

भाऊ आता वणीला कृषी केंद्रात काम करतो.

या डिसेंबरात बाबांचा व्हिडिओ कॉल आला. मागे वावर रिकामं, बांधाला पऱ्हाटीचा ढीग, हातात उपटायचा चिमटा. हिरवी बोंडं ढिगात दिसत होती. मी विचारलं, "बाबा, किती राहिली होती अजून?"

"मोजली नाई, बाई," ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.