कुकरची रिंग आणि आमचा रस्ता

कुकरची शिट्टी होत नाही आणि झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत बाहेर येते, तेव्हा रबरी रिंग कडक झालेली असते, एवढे यंत्रशास्त्र आमच्या घरात सर्वांना अवगत आहे. ती रिंग आणण्याची जबाबदारी मात्र एकमताने माझ्यावर सोपवलेली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात, टीव्ही सेंटरकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्यावर हे काम पूर्वी पायांत चपला सरकवण्याइतके सोपे होते. सिडकोने एन-एक, एन-दोन असे क्रमांक लावून वसाहती उभारल्या, त्यांत बेताची रो-हाऊस बांधली, आणि लोकांनी यथावकाश पुढच्या खोलीची भिंत पाडून तेथे शटर बसवले. आमची बाजारपेठ अशी बैठकीच्या खोल्यांतूनच उगवली. गिरणी, पिको-फॉल, स्टोव्हदुरुस्ती आणि त्यांच्यामध्ये भांड्यांचे दुकान.

त्या भांडीवाल्या शेठजींना रिंग मागणे म्हणजे उलटतपासणीला उभे राहणे होते. झाकण आत बसते की बाहेरून, लिटर किती, कंपनी कोणती, हे विचारण्याची त्यांना गरज नसे, कारण साऱ्या गल्लीचे कुकर त्यांना तोंडपाठ होते. "पाच लिटरचा ना तुमचा? आत्ताच तर नेली होती रिंग. वहिनींना सांगा, काम झालं की काढून ठेवत जा म्हणावं," हे ते इतक्या मोठ्याने सांगत, की शेजारच्या गिरणीत दळणाच्या रांगेतल्या बायकांना आमच्या स्वयंपाकघराची शिस्त कळून चुकत असे. मला त्या काळाचे उमाळे येत नाहीत. शेठजी दोन रुपये चढेच लावत आणि पलीकडच्या किराणावाल्याचा काटा त्याच्या मर्जीनुसार झुकत असे. पण नळाला पाणी कोणत्या वारी येणार, हे त्याच्याइतके बिनचूक कोणी सांगत नसे. पैठणला नाथसागर काठोकाठ भरलेला असतानाही आमच्या गावाला दिवसांच्या खाड्याने पाणी मिळते, हे ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या माहितीचे मोल वेगळे सांगायला नको.

आता भांड्यांच्या दुकानाच्या जागी अमृततुल्य चहा आहे. त्याच्या पलीकडे मोमो, त्याच्या पलीकडे मोबाईलची कव्हरे, आणि गिरणीच्या जागी 'वातानुकूलित अभ्यासिका, स्वतंत्र लॉकर'. मोबाईलवाल्या मुलाने माझी मागणी शांतपणे ऐकून घेतली आणि फोनच्या पाठीला चिकटवून बोटात अडकवायची एक चकचकीत रिंग माझ्यापुढे धरली. "मला कुकरची पाहिजे," म्हटल्यावर तो म्हणाला, "काका, ऑनलाईन मागवा ना, चार दिवसांत घरपोच येईल." चार दिवस तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजवायची, हा प्रस्ताव घरी जाऊन मांडण्याचे धैर्य त्याच्यात असते, तर मी त्यालाच सोबत नेले असते.

पदरी काही पडावे म्हणून मी चहा घेतला आणि स्कॅन करून पैसे दिले. तत्क्षणी गल्ल्याजवळच्या डबीने माझ्या खर्चाचा आकडा भर रस्त्यात ठणकावून जाहीर केला. म्हणजे आपली बातमी चार लोकांत करण्याची शेठजींची गादी रिकामी राहिलेली नाही. फरक इतकाच, की डबीला वहिनींची चौकशी करता येत नाही, आणि 'महिनाअखेरीस देतो' हे तर तिला मुळीच समजत नाही.

चहाच्या टपरीवजा टेबलांभोवती सगळी अभ्यासिकेची मुले होती. बीड, परभणी, हिंगोलीकडून आलेली, कोणी एमपीएससी करणारी, कोणी पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी. आमच्या रो-हाऊसच्या माड्या आता त्यांच्या भाड्यावर उभ्या आहेत, आणि तरी 'रस्त्याची रया गेली' असे म्हणण्यात घरमालक मंडळीच सर्वांत पुढे असतात. त्या मुलांतल्या एकाने माझी कहाणी कानावर पडताच विचारले, "काका, आमच्या मेसवाल्या मावशीला विचारलं का? तिच्याकडं रोज चार कुकर लागतेत."

मेस मागच्या गल्लीत एका पार्किंगमध्ये होती. मावशींनी पिठाच्या हातांनी खिळ्यावर टांगलेला रिंगांचा जुडगा उतरवला, झाकण आतले की बाहेरचे हे विचारले, एक रिंग काढून ताणून पाहिली आणि मग खऱ्या चौकशीला हात घातला. गाव कोणते? अंबाजोगाई? कोणत्या गल्लीतले? मंडळींचे माहेर कुठले? दोन्हीकडची नाती पडताळून झाली, तेव्हा भात होऊन गेला होता. मी फोन काढला, तर त्या म्हणाल्या, "ते ठिवा तिकडं. फोन पोराकडं असतोय. सुट्टे असतेन तव्हा आणून द्या."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी माझी उधारी मांडली. नाव विचारले नाही. 'कुकरवाले काका' असे लिहिले. आता चहाच्या टेबलांवरून जाताना भरतीची पोरे मला याच नावाने हाक मारतात, आणि परवा त्यांतल्या एकाने, मेसचा गिझर बिघडल्यामुळे, मला गिझरचेही कळते का, असे अत्यंत आदराने विचारले.